उत्तमरावाच्या बैठकीतलं टाकीज

साखरखेर्ड्याच्या उत्तमरावाला तसं काही कमी नव्हतं. काळी जमीन होती, पाण्याच्या विहिरी होत्या, दावणीला चांगली बैलं होती, आणि गावात वीज आली तेव्हा पहिला खांब आपल्या दाराशी रोवून घेण्याइतकी वट होती. एकच गोष्ट त्याच्या घशात अडकून राहिली होती. ती म्हणजे त्याचा साळा.

हा साळा, गुलाबराव, देऊळगाव राजाला सरकीचा व्यापार करायचा. वयानं उत्तमरावापेक्षा लहान. शिक्षण दोघांचं सारखंच, म्हणजे दोघेही सातवीच्या परीक्षेला बसले आणि तिथंच बसून राहिले. पण गुलाबराव तालुक्याच्या गावी राहत असल्यामुळे आपल्या दाजीला तो अजून गावठाणातून बाहेर न पडलेला माणूस समजायचा. उत्तमरावालाही हे समजायचं, आणि समजून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्या साली बालाजीच्या यात्रेला उत्तमराव बायकोला, सत्यभामाबाईला, घेऊन देऊळगावला गेला. साळ्याच्या बैठकीत खिडकीखाली चार पायांचा एक तकतकीत लाकडी पेटारा ठेवला होता, वर जाळीचा विणलेला रुमाल. उत्तमरावाला वाटलं, नवं कपाट असेल. त्यानं हातातली चहाची कपबशी त्यावर टेकवली.

गुलाबराव जागचा उठून धावला. "दाजी, तिथं नका ठेवू. रेडिओग्राम हाये तो."

त्यानं कपबशी उचलून दाजीच्या पायाशी, खाली फरशीवर ठेवली. मग रुमाल काढला, झाकण उघडलं, आतली तबकडी फिरू लागली आणि सगळं घर गाण्यानं भरून गेलं. गल्लीतली माणसं दारात गोळा झाली. उत्तमरावाला राहवलं नाही. त्यानं एका चकचकीत बटनाकडं हात नेला.

"हात नका लावू दाजी," गुलाबराव हसून म्हणाला, "नाजूक काम हाये. तुमच्या घरी असतं तं सवय राह्यली असती."

दारातली माणसंही हसली. उत्तमरावानं चहा तसाच सोडला.

परतीच्या मोटारीत तो सिंदखेड राजापर्यंत बोलला नाही. सत्यभामाबाई खिडकीबाहेर पाहत बसली होती. नवऱ्याचा राग दोन जातींचा असतो हे ती लग्न झालं तेव्हापासून जाणून होती. एक जेवल्यावर उतरायचा. दुसरा काहीतरी विकत घेतल्याशिवाय उतरायचा नाही. हा दुसरा होता.

"तुझ्या भावाच्या डब्यातून नुसतं ऐकायले येते," सिंदखेड मागं पडल्यावर उत्तमराव म्हणाला. "आपुन दाखवू."

"काय दाखवता?"

"शिणेमा. बैठकीत."

सत्यभामाबाईनं पदर सारखा केला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

जालन्याला सहदेव नावाचा एक आपरेटर होता. एका फिरत्या टाकीजवर तो मशीन चालवायचा. वावटळीत तंबू फाटल्यापासून ते टाकीज फिरायचं थांबलं होतं, सहदेवाची जीभ मात्र फिरत राहिली होती. तो रात्री जेवतानासुद्धा काळा चष्मा काढत नसे. मुंबईत भल्याभल्यांच्या दिवाणखान्यांत आपण मशीन बसवून दिल्याचं तो सांगे. खरं तर औरंगाबादच्या पलीकडं त्याचं जाणं झालं नव्हतं. पण हे उत्तमरावाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि असतं तरी त्यानं ते कानाआड केलं असतं. त्याला मुंबईचं नाव हवं होतं, गुलाबरावासमोर घ्यायला.

सहदेवानं बंद पडलेल्या टाकीजचं लहान मशीन, आवाजाची पेटी आणि एक संपूर्ण पौराणिक चित्र असं सगळं उत्तमरावाच्या गळ्यात घातलं. संपूर्ण म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं संपूर्ण. खोकी मोटारीच्या टपावर चढली. उत्तमराव वाटभर खिडकीतून मुंडकं काढून टपाकडं पाहत राहिला. कंडक्टर दोनदा ओरडला, तेव्हा त्यानं कंडक्टरला आत काय आहे ते सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "काही बी असो, मुंडकं आत घ्या."

घरी आल्यावर सहदेव बैठकीच्या मधोमध उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं सगळीकडं नजर फिरवली.

"खिडक्या चालणार नाहीत," तो म्हणाला. "उजेड म्हणजे शिणेम्याचा दुश्मन."

बैठकीला पूर्वेकडं दोन मोठ्या खिडक्या होत्या. उन्हाळ्यात सगळ्या घराचा जीव त्या दोन खिडक्यांत असायचा.

"गोधड्या टांगू," सत्यभामाबाई म्हणाली. "शिणेमा झाला का काढून घेऊ."

"गोधड्या?" उत्तमराव म्हणाला. "तुझा भाऊ येईन आन म्हणन, दाजीनं घरात गोधड्या वाळू घातल्या."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि दोन्ही खिडक्या विटांनी चिणून गेला. वरून चुनाही फासला. बैठकीत भर दुपारी कंदील घेऊन जावं लागू लागलं. उत्तमरावाची थोरली बहीण मंजुळाबाई नवरा वारल्यापासून याच घरात राहत होती. ती उंबऱ्यात येऊन थांबली, आत डोकावली आणि म्हणाली, "झ्याक झालं रे उत्तमा. आता इथं कांदे भर. सालभर सडणार नाईत."

उत्तमरावानं लक्ष दिलं नाही. त्याच्यापुढं मोठा प्रश्न होता तो पडद्याचा. एका भिंतीवर वडिलांची तसबीर होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. दुसऱ्या भिंतीवर ठोक्याचं घड्याळ होतं, ते पाहुण्यांना दिसलंच पाहिजे होतं. उरली ती बैठक आणि माजघर यांच्या मधली रुंद मोकळी जागा. तिथं भिंत नव्हती, नुसते दोन सागवानी खांब होते. उत्तमरावाची दोन कोरी धोतरं सत्यभामाबाईनं एकाला एक जोडून शिवली आणि त्या खांबांना ताणून बांधली.

गाठ मारता मारता तिनं विचारलं, "बाया कुठं बसतीन?"

उत्तमराव थबकला. खुर्च्या कुठं, जाजम कुठं, सरपंच कुठं, साळा कुठं, सगळं त्यानं ठरवलं होतं. बायांचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाया माजघरातून पाहतीन," तो म्हणाला. "पडद्याच्या मागून."

"मागून दिसते काय?"

"दिसते," सहदेव म्हणाला. "पातळ कपडा हाये. पण उलटं दिसते. डावं ते उजवं."

"मंग झालं तं," उत्तमराव म्हणाला. "यायले कुठं डाव्या-उजव्याचं काम पडते."

सत्यभामाबाईनं गाठ घट्ट ओढली आणि स्टुलावरून उतरली.

आवाजाची पेटी सहदेवानं पडद्यामागं, माजघरात ठेवली. टाकीजात आवाज पडद्यामागूनच येतो, राजकन्या बोलली तर राजकन्येच्याच तोंडून आल्यासारखा वाटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. उत्तमरावाला ते पटलं. मुंबईची रीत होती.

सांजेला मशीन लावून पाहिलं, तर गावातले सगळे दिवे लागलेले असल्यामुळे विजेत दमच नव्हता. पडद्यावरचा राजा आजारी माणसासारखा हळूहळू चालू लागला, आणि त्याचा आवाज गाभण म्हशीसारखा निघू लागला. तेव्हा चैत्रातल्या रविवारी भर दुपारी शिणेमा लावायचं ठरलं. दुपारी वीज जोरात असायची. ऊनही जोरात असायचं, पण ते बाहेर राहील अशी उत्तमरावाची कल्पना होती.

रविवारी गुलाबराव बायकोसह आला. धोतर परीटघडीचं, डोक्यावर टोपी, तोंडावर तालुक्याच्या मोठेपणाचं हसू. उत्तमरावानं त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं. बाजूला सरपंच अर्जुनराव. मागं जाजमावर ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं गावातली माणसं. सगळ्यात मागं मशीन, आणि मशीनला चिकटून उत्तमरावाची वेताची खुर्ची, म्हणजे मालक कोण याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये. मशीनची खोकी आपल्या डोक्यावरून आणणारा सालदार पुंजाजी जाजमाच्या कडेला टेकू लागला, तेव्हा उत्तमरावानं त्याला मानेनंच बाहेर जायला खुणावलं. पुंजाजी गेला.

गुलाबरावाची बायको रुक्मिणीबाई नणंदेबरोबर माजघरात गेली. गावातल्या बाया मागच्या अंगणातून आधीच येऊन बसल्या होत्या.

उत्तमराव उभा राहिला. "आपल्या भागात लोकायकडं ऐकायच्या पेट्या झाल्या आता," तो साळ्याच्या टोपीकडं पाहत म्हणाला. "चांगलं हाये. पण ऐकणं निराळं आन पाहणं निराळं. मुंबईले ज्या पद्धतीनं बसवते, त्याच पद्धतीनं हे बसवलं. लाव रे दार."

दार लागलं. अंधार झाला. सहदेवानं काळा चष्मा चढवलेलाच ठेवून मशीन सुरू केलं.

मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरू लागलं. पडद्यावर अक्षरं आली. पुढच्या माणसांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कारण वाचता येतं हे दाखवायची अशी संधी पुन्हा कधी आली असती. पडद्याच्या मागून मंजुळाबाईचा आवाज आला, "ही कोणती भाषा व्हय वो?" आणि सत्यभामाबाईचा, "मराठीच व्हय. पाठमोरी." बाया हसल्या.

मग राजा बोलू लागला. निदान त्याचे ओठ हलू लागले. बैठकीत मशीनच्या घरघरीपलीकडं काहीच ऐकू येईना. विहिरीत उतरलेला माणूस बोलतो तसं काहीतरी पडद्यामागून घुमत होतं.

"काय म्हणते तो?" सरपंचानं विचारलं.

"राजा हाये," उत्तमराव म्हणाला. "राजासारखंच म्हणत असन काही."

थोड्या वेळात उकडायला लागलं. चिणलेल्या खिडक्या, लावलेलं दार, वर तापलेले पत्रे, मशीनमधला चुलीसारखा दिवा, आणि एवढी माणसं. टोप्या उतरल्या. उपरण्यांचे पंखे झाले. कोणीतरी बिडी पेटवली. तिचा धूर जायला वाट नसल्यामुळे तो उजेडाच्या पट्ट्यात उभा राहिला आणि राजाच्या दरबारात धुकं पसरलं. सहदेवानं सदरा काढून मशीनवर ठेवला, आणि सदऱ्याला करपल्याचा वास येऊ लागल्यावर परत उचलला.

पडद्यामागं मात्र निराळंच चाललं होतं. तिकडून हसू येत होतं, हळहळ येत होती. मधेच सगळ्या बाया एकदम गप्प होत, आणि मग एखादी नाक ओढे. उत्तमरावाला कळेना की ज्यांना उलटं दिसतंय त्यांना एवढं रडायला काय मिळतंय.

पहिलं रीळ संपलं. सहदेवानं पुढचं लावलं. आधीच्या रिळात राजकन्या बागेत मैत्रिणींबरोबर फुलं तोडत होती, कुवारी होती. आता ती अरण्यात झोपडीपुढं बसली होती आणि तिच्या मांडीवर लेकरू होतं.

बैठकीत चुळबुळ झाली.

"हे लेकरू कोणाचं?" सरपंच म्हणाला.

"मधलं रीळ जरा गहाळ झालं हाये," सहदेव पुटपुटला. "लग्न त्याच्यात होतं."

पडद्यामागून मंजुळाबाईचा आवाज आला. "बागीतून सरळ बाळंतीण. माय लेकीले विचारत नसन का काही." माजघरात हसण्याचा असा लोट उठला की धोतराचा पडदा हलला आणि राजकन्या लेकरासकट डुलली.

सरपंच अर्जुनराव उठला. "तमाखू थुकून येतो," तो म्हणाला. दार उघडलं तसा उन्हाचा लोंढा आत आला, पडदा पांढराफटक झाला. सगळे ओरडले, "दार लावा." त्यानं लावलं. तो परत आला नाही. मग एकाला आपली म्हैस सुटल्याची आठवण झाली. एकाला चक्कर आली. जाजमावरची माणसं पावसाळ्यात बांध झिरपतो तशी एकेक करून झिरपून गेली. शेवटी गुलाबराव उठला. त्याच्या परीटघडीच्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं.

"दाजी, जरा पाणी पिऊन येतो."

"या, या," उत्तमराव म्हणाला. तो आतून सुखावला होता. जळला, त्याला वाटलं. पाहवलं नाही म्हणून उठला. डोळ्यांत घाम जात होता तरी तो पडद्याकडं बघत राहिला. बैठकीत आता तो आणि बनियनवरचा सहदेव दोघंच उरले होते.

आणि मग पडद्यामागून हसू आलं. या खेपेला ते नुसतं बायांचं नव्हतं. त्यात एक पोटातून निघालेलं, खो-खो, पुरुषी हसू होतं. ते हसू तो यात्रेपासून विसरला नव्हता.

उत्तमराव दार उघडून बाहेर पडला, आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला.

माजघराचं मागचं दार सताड उघडं होतं. दारापुढं लिंबाची दाट सावली. तिच्यामुळे आत हवा येत होती, ऊन येत नव्हतं. बाया आत ऐसपैस पाय पसरून बसल्या होत्या. त्यांच्या मागं, उंबऱ्यात आणि अंगणात, बैठकीतून नाहीशी झालेली सगळी माणसं होती. सरपंच पालथ्या घमेल्यावर बसला होता. ज्याची म्हैस सुटली होती तो लिंबाला टेकला होता. पुंजाजी सालदार तर सगळ्यात आधीपासून तिथं होता, खांबाशी मोक्याची जागा धरून. कैरीच्या पन्ह्याचे पेले हातोहात फिरत होते. चित्र लख्ख दिसत होतं, आणि राजाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आवाजाची पेटी सहदेवानं पडद्याकडं तोंड करून ठेवली होती. ती कोणीतरी फिरवून बायांकडं तोंड करून ठेवली होती.

"पेटी कोणं फिरोली?" उत्तमराव म्हणाला.

"म्या," मंजुळाबाई मागं न पाहता म्हणाली. "आमच्याकडं पाठ करून बोलत होती. हे काय रीत झाली?"

गुलाबराव उंबऱ्यावर बसला होता, हातात पन्हं. "या दाजी, बसा," तो म्हणाला. "सरका रे, दाजीले जागा द्या." आपल्याच घरात आपल्याला जागा करून दिली जात आहे हे उत्तमरावाच्या ध्यानात आलं. गुलाबरावानं पन्ह्याचा घोट घेतला. "दाजी, एक खरं सांगा. हे मशीन तुमी पाव्हण्यायसाठी आणलं का बायायसाठी? आमाले तिकडं धूर आन घाम, आन शिणेमा सारा इकडं."

माणसं हसली. बायांनीही माना वळवल्या. क्षणभर उत्तमरावाला वाटलं, आत जाऊन ते धोतर फाडून टाकावं. पण मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं, आणि निघाल्यावर ते त्याला बरं वाटलं.

"बायायसाठीच आणलं."

सरपंच घमेल्यावरून वळला.

"बायायसाठीच," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "त्यायले जालन्याच्या टाकीजात कोण नेते? तुमी नेता का? म्हणून हवा इकडं ठेवली, आवाज इकडं ठेवला, सावली इकडं ठेवली. आमी काय, माणसं हावो. सोसतो."

सत्यभामाबाईनं पुढच्या रांगेतून वळून त्याच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत असं काही होतं की उत्तमरावानं टोपी काढून पुन्हा घातली.

"खरं काय रे उत्तमा?" मंजुळाबाई म्हणाली.

"खरं नाई तं काय."

"मंग दर आइतवारी लावत जाय. बाया येत जातीन."

तो काही म्हणायच्या आत रुक्मिणीबाई बोलली. इतका वेळ ती सगळ्यांच्या मधे डोळे पुसत बसली होती. "दाजीले समजते," ती नवऱ्याकडं पाहत म्हणाली. "आमच्या घरी तं रेडिओग्रामवरची धूळ पुसली तरी वरडते. हात नको लावू म्हणते."

गुलाबरावाच्या हातातलं पन्हं हातातच राहिलं. बाया त्याच्याकडं पाहू लागल्या. उत्तमरावानं आयुष्यात फार थोड्या गोष्टी इतक्या डोळे भरून पाहिल्या असतील जितकं त्यानं साळ्याचं तोंड त्या वेळी पाहिलं. "आइतवारी लावू," तो म्हणाला. "दर आइतवारी."

गुलाबराव चारच्या मोटारीनं गेला. रुक्मिणीबाई उरलेलं चित्र पाहून दुसऱ्या दिवशी गेली.

बोलून गेला तेव्हा उत्तमरावाला वाटलं होतं की दोन-तीन रविवार होतील आणि हे आपोआप मिटेल. पण बाया येतच राहिल्या. भाजी निवडत, सरकी काढत, लेकरं पाजत त्या चित्र पाहत. राजकन्येचं लग्न कसं झालं असेल हे दर रविवारी कोणीतरी नव्यानं सांगे, आणि ते मूळ लग्नापेक्षा नक्कीच चांगलं असे. सहदेव जालन्याहून आला की आधी जेवायचा, आणि जेवताना मशीनमधलं काय कुठं असतं ते सत्यभामाबाईला फुशारक्या मारत सांगायचा. ती वाढत वाढत ऐकायची. पुढं सहदेवाला परभणीकडं एका टाकीजात नोकरी मिळाली आणि तो यायचा बंद झाला. उत्तमरावानं सुटकेचा श्वास सोडला. आता मशीन बंद, आणि दोष आपला नाही.

दरम्यान गोष्ट आसपास पसरली होती. पसरता पसरता तिच्यातला घाम आणि धूर गळून गेला, आणि उरलं ते एवढंच की साखरखेर्ड्याच्या उत्तमरावानं आपल्या बैठकीच्या खिडक्या चिणून, पदरमोड करून, गावातल्या मायबहिणींसाठी शिणेमा काढला. पंचायत समितीच्या सभापतींच्या कानी ते गेलं. त्यांना एका समारंभात स्त्रीजागृतीसाठी कोणाचा तरी सत्कार करायचा होता आणि माणूस मिळत नव्हता. निरोप आला. रविवारी दुपारी, सिंदखेड राजाला.

उत्तमरावानं नवा कोट शिवला. शाळेतल्या मास्तरांकडून भाषण बसवून घेतलं आणि गोठ्यात बैलांसमोर ते पाठ केलं.

"मी येऊ काय?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"तू कायले? तिथं सारे माणसं राहतीन. आन सभापतीले मी सांजीले जेवाले घेऊन येतो. सैपाक कोण करन?"

"बरं," ती म्हणाली.

समारंभ छान झाला. सभागृह भरलं होतं. बाई म्हणून तिथं एकच होती, भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी. उत्तमरावाला शाल दिली, नारळ दिला. त्यानं भाषण केलं. स्त्रिया ही समाजरथाची दोन चाकं आहेत असं तो घाईत म्हणून गेला, पण टाळ्या पडल्या. दिवस कलायच्या वेळी सभापती आणि सरपंच यांना जीपमध्ये घेऊन तो घरी आला, शाल अंगावर तशीच ठेवून.

घराचं दार आतून बंद होतं.

त्यानं कडी वाजवली. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. तो ऐकतच राहिला. सहदेव तर परभणीला होता.

"अवं, दार उघड," तो म्हणाला. "पाव्हणे आले."

"रीळ चालू हाये," आतून सत्यभामाबाईचा आवाज आला, मशीनच्या अगदी जवळून. "दार उघडलं का पडदा पांढरा पडते. हे सरू द्या."

उत्तमराव मागच्या अंगणाकडं वळला. तिकडं माजघर भरून बाया उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून लिंबापर्यंत बसल्या होत्या. शेजारच्या खेड्यांतूनही आल्या असाव्यात. त्यांतल्या निम्म्या त्याला ओळखूही येईनात. त्यांच्यातून वाट काढणं शालीसकट शक्य नव्हतं. तो परत पुढं आला. सभापती ओट्यावर बसले होते आणि टोपीनं वारा घेत होते.

"बायायचा कार्यक्रम चालू हाये," उत्तमराव म्हणाला. चेहरा हसरा ठेवायला त्याला कष्ट पडत होते.

"वा," सभापती म्हणाले. "बोलता तसं करता तुमी. नाईतर सारे भाषणच करते." मग त्यांनी जरा थांबून विचारलं, "पाणी मिळन काय?"

पाण्याचे माठ माजघरात होते. पुंजाजी सालदाराला शेजारच्या घरी पिटाळलं. त्यानं तांब्या आणून दिला आणि तो मागच्या अंगणात निघून गेला. जागा गेली असती.

ते तिघं ओट्यावर बसून राहिले. सरपंच अर्जुनराव भिंतीला कान लावून आत काय चाललंय याचा अंदाज घेत होता. कधी आत हसू होई, कधी सगळं गप्प. गावातली माणसं समोरून जाता-येता शालीकडं पाहत होती.

शेवटी घरघर थांबली. कडी निघाली आणि सत्यभामाबाई दारात आली. तिच्या कपाळावर घाम होता, उजव्या हाताच्या बोटांना काळं तेल लागलं होतं. तिनं पदरानं कपाळ पुसलं, पाहुण्यांना पाहिलं, शाल पाहिली.

"आत्ता चुलीवर ठेवते," ती म्हणाली. मग नवऱ्याला विचारलं, "भाषण कसं झालं?"

"चांगलं झालं."

"काय बोलले?"

उत्तमरावानं सभापतींकडं पाहिलं. सभापती कौतुकानं मान हलवत होते. मागं फिरायला वाट नव्हती.

"म्हणलं, बायायले बाहेर काढलं पाहिजे. पुढं आणलं पाहिजे."

"बरं केलं," सत्यभामाबाई म्हणाली. "मंग जरा दारातून बाजूले सरा. बाया बाहेर निघून राह्यल्या."

तो सरकला. एरवी मागच्या अंगणातून जाणाऱ्या बाया पडदा सारून बैठकीतून, पुढच्या दारानं निघाल्या, मंजुळाबाई पुढं, तिच्या मागं बाकीच्या, बोलत, हसत, झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून. त्या संपता संपेनात. उत्तमराव भिंतीला पाठ लावून, एका हातात नारळ धरून उभा राहिला, आणि शालीचं टोक कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्यानं ते दुसऱ्या हातानं वर धरलं.